आजार कोणत्या पेशीचा, हे आधी विचारा



या पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत काही प्रश्न फिरून फिरून येतात. ‘मागच्या पावसाळ्यात ज्या गोळ्यांनी ताप उतरला, त्याच गोळ्या यंदा घेतल्या. या वेळी का उतरला नाही?’ ‘मांडीवर गजकर्ण आहे. अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स केला, तरी खाज तशीच. का?’ ‘घसा दुखला तर गोळ्या पाच दिवसांत संपतात, मग टीबीच्या गोळ्या सहा महिने कशाला?’

प्रश्न तीन असले तरी त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, आणि ते बहुधा आपल्याच घरात आहे. आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलाचं विज्ञानाचं पुस्तक उघडा. पेशींच्या धड्यात ‘आदिकेंद्रकी पेशी’ आणि ‘दृश्यकेंद्रकी पेशी’ असे दोन शब्द भेटतील. मुलं त्यांच्यातला फरक पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पण हाच फरक फळीवरच्या औषधांच्या डब्यात रोज कामाला येतो. कोणतं औषध कुणाला लागू पडणार आणि कुणाला नाही, हे या फरकावर ठरतं. म्हणून या वेळी तो धडा आपण मोठ्या माणसांनी वाचायचा आहे.

एका खोलीचं घर आणि अनेक खोल्यांचं घर

सगळे सजीव पेशींचे बनलेले आहेत. आपलं शरीर सुमारे ३० लाख कोटी पेशींचं आहे, तर जीवाणू म्हणजे अवघी एक पेशी. पण पेशी म्हटली की ती सगळीकडे सारखी नसते. तिची बांधणी मुख्यतः दोन तऱ्हांची असते.

पहिली तऱ्हा म्हणजे दहा बाय दहाची खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, मुलांचा अभ्यास तिथेच. एका खोलीत सगळं कसं चालतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. जीवाणूची पेशी अशी असते. तिचा डीएनए, म्हणजे जगण्याच्या सूचनांची वही, कपाटात ठेवलेली नसते. ती पेशीच्या मधोमध गुंडाळलेल्या अवस्थेत मोकळीच असते. आत भिंती नाहीत, वेगळ्या खोल्या नाहीत. हीच आदिकेंद्रकी पेशी.

दुसरी तऱ्हा म्हणजे अनेक खोल्यांचं घर. इथे डीएनएची वही एका बंद खोलीत, दुहेरी पडद्यामागे ठेवलेली असते. त्या खोलीला केंद्रक म्हणतात. ऊर्जा तयार करायला वेगळी जागा असते, तिचं नाव तंतुकणिका. प्रथिनांची बांधाबांध आणि रवानगी वेगळीकडे, कचरा मोडून काढण्याचं काम आणखी वेगळीकडे. ही दृश्यकेंद्रकी पेशी. माणूस, बैल, कोंबडी, आंब्याचं झाड, भाकरीवर चढणारी बुरशी, गजकर्णाची बुरशी, जुलाब घडवणारा अमिबा आणि हिवतापाचा परजीवी, हे सगळे या दुसऱ्या घरातले.

दोघांत काही गोष्टी सारख्याही आहेत. दोन्ही पेशींभोवती पातळ पेशीपटल असतं. दोन्हींत डीएनए असतो. प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने, म्हणजे रायबोसोम, दोन्हींत असतात. पण जीवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा थोडा लहान आणि वेगळ्या घडणीचा असतो. हा बारीक फरक लक्षात ठेवा, तो पुढे जीव वाचवणार आहे. बहुतेक जीवाणूंच्या पटलाबाहेर एक मजबूत पेशीभित्तिकाही असते. आपल्या पेशींना अशी भिंत मुळीच नसते.

किती लहान? स्वयंपाकघरातून मोजू

पेशी मोजायचं माप मायक्रोमीटर. मोजपट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या आणि त्याचे हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. डोक्याचा एक केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो.

एवढं लहान माप मनात बसत नाही. म्हणून आपण सगळं दहा हजार पटींनी मोठं करू, म्हणजे एक मायक्रोमीटरचा होईल एक सेंटिमीटर. या हिशेबाने पाच फुटांचा माणूस सुमारे १५ किलोमीटर लांब होतो. मुंबईत सीएसएमटीला पाय ठेवून तो झोपला, तर त्याचं डोकं कुर्ल्याच्या आसपास येईल. आता त्याच मापाने पेशी पाहू.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू साधारण १ मायक्रोमीटर जाड आणि २ मायक्रोमीटर लांब असतो. मोठा केल्यावर तो होतो भुईमुगाच्या दाण्याएवढा. टीबीचा जीवाणू २ ते ४ मायक्रोमीटर लांब पण खूप बारीक असतो, म्हणजे काडेपेटीतल्या काडीसारखा. रक्तातली लाल पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद, म्हणजे एक छोटी पुरी. फुप्फुसात जंतू गिळणारी आपली रक्षक पेशी साधारण २० मायक्रोमीटरची, म्हणजे ज्वारीच्या भाकरीएवढी. गालाच्या आतल्या बाजूची चपटी पेशी ५० ते ६० मायक्रोमीटरची, ती होते मोठ्या परातीएवढी. आणि स्त्रीबीज १०० मायक्रोमीटरहून थोडं मोठं, म्हणजे मीटरभर रुंदीचा पाण्याचा हौद. स्त्रीबीज ही आपल्या शरीरातली सर्वांत मोठी पेशी. खरोखरीच्या जगात ती नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखी दिसू शकते.

ढोबळमानाने जीवाणू १ ते ५ मायक्रोमीटरचे आणि दृश्यकेंद्रकी पेशी १० ते १०० मायक्रोमीटरच्या असतात. लांबीत दहापट फरक म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण पेशी म्हणजे रेघ नाही. तिला लांबी, रुंदी आणि उंची आहे. तिन्ही बाजूंनी दहापट वाढ झाली की आतली जागा हजारपट वाढते. म्हणूनच आपल्या अंगात जीवाणूंची संख्या आपल्या पेशींच्या जवळपास असली, सुमारे ३८ लाख कोटी, तरी त्या सगळ्यांचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावकिलोपेक्षा कमी भरतं. यातले बहुतेक आतड्यात राहतात आणि आपल्याला त्रास देत नाहीत. उलट पचनाला मदत करतात. जीवाणू म्हणजे वाईटच, ही समजूत काढून टाकायला हवी.

आकारावरूनच ओळख पटते का? नाही. हिवतापाचा परजीवी लाल पेशीत शिरतो, तेव्हा तो एक-दोन मायक्रोमीटरचाच असतो, म्हणजे जीवाणूएवढा. तरीही त्याला केंद्रक आहे, म्हणून तो दृश्यकेंद्रकीच. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटांवर खारफुटीच्या पाण्यात एक जीवाणू सापडला, त्याची माहिती २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. तो सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो आणि डोळ्यांनी दिसतो. तरी तो जीवाणूच. आणखी एक गोष्ट. आपल्या लाल पेशीत केंद्रक नसतं, पण म्हणून ती आदिकेंद्रकी होत नाही. ती हाडांच्या मगजात तयार होताना तिच्यात केंद्रक असतं, पुढे ते बाहेर टाकलं जातं. त्यामुळे तिला जास्त ऑक्सिजन वाहून नेता येतो. आकार हा अंदाज देतो, निर्णय आतली बांधणी देते.

लहान असण्याचा फायदा

जीवाणू लहानच का राहिले? एक घनाकृती डबा मनात आणा. त्याची बाजू एक असेल तर बाहेरचा पृष्ठभाग सहा आणि आतली जागा एक. बाजू दहा केली तर पृष्ठभाग होतो सहाशे, पण आतली जागा होते हजार. म्हणजे डबा मोठा झाला की आत राहणाऱ्यांच्या मानाने दारं-खिडक्या कमी पडतात. पेशीला अन्न आणि ऑक्सिजन पृष्ठभागातूनच घ्यावा लागतो. लहान पेशीत बाहेरून आलेलं अन्न क्षणात सगळीकडे पसरतं. मोठ्या पेशीला मात्र आत वाहतुकीची व्यवस्था आणि वेगळ्या खोल्या लागतात.

लहान आणि साधी पेशी पटकन दुप्पट होते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय दर २० मिनिटांनी एकाचे दोन होतात. सात तासांत अशा २१ दुपटी झाल्या, तर एका जीवाणूचे २० लाखांवर होतात. म्हणून रात्रीचं उरलेलं कालवण उन्हाळ्यात बाहेर ठेवलं की सकाळी बिघडतं, आणि लहान मुलाचे जुलाब सकाळी साधे वाटले तरी संध्याकाळी गंभीर होऊ शकतात. माणसाच्या भराभर वाढणाऱ्या पेशीलाही एकदा दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो.

औषध नेमकं कुठे घाव घालतं

आता मूळ मुद्दा. आपल्या शरीरात शिरलेला जंतू मारायचा आहे, पण आपल्या पेशी वाचवायच्या आहेत. म्हणजे त्यांच्यात आहे आणि आपल्यात नाही, अशा जागेवर घाव घालायला हवा. अँटिबायोटिक हे करतं.

१९२८मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातलं अमॉक्सिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाहीत. भिंत कच्ची राहिली की जीवाणू फुटतो. आपल्या पेशीला भिंतच नाही, त्यामुळे तिला हे औषध काही करत नाही. काही माणसांना पेनिसिलिनची ॲलर्जी असते, ती गोष्ट वेगळी. ती असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जीवाणूच्या रायबोसोमला जाऊन चिकटतात. आपला रायबोसोम वेगळ्या घडणीचा असल्यामुळे तो बचावतो. म्हणजे पुस्तकातल्या धड्यात फरकाचा जो तक्ता असतो, त्यातली जवळपास प्रत्येक ओळ हे एखाद्या औषधाचं निशाण आहे.

मग दुष्परिणाम का होतात? यामागेही पेशीचीच एक गंमत आहे. आपल्या पेशीतल्या तंतुकणिका फार फार पूर्वी स्वतंत्र जीवाणू होत्या. कधीतरी त्या मोठ्या पेशीच्या आत राहू लागल्या आणि घरच्याच झाल्या. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९६७मध्ये हा विचार सविस्तर मांडला. आधी त्याला बराच विरोध झाला, पण आज तो सर्वमान्य आहे. तंतुकणिकेतला रायबोसोम आजही जीवाणूसारखा आहे. त्यामुळे लिनेझोलिडसारखं औषध दीर्घकाळ घेताना आपल्या तंतुकणिकांनाही थोडा त्रास होऊ शकतो. रक्त कमी होणं किंवा हातापायांना मुंग्या येणं, हे त्यातूनच घडतं. म्हणून अशी औषधं चालू असताना डॉक्टर मध्ये मध्ये रक्त तपासतात. दुष्परिणाम दिसला तर गोळ्या आपण होऊन बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं.

जीवाणूच्या एका खोलीच्या घराचा त्याला आणखी एक फायदा आहे. मुख्य डीएनएशिवाय अनेक जीवाणूंकडे डीएनएची छोटी वेगळी कडी असते, आणि ती ते शेजारच्या जीवाणूला देऊ शकतात. शेजारणीने वाटीभर साखर द्यावी, इतक्या सहज. त्या कडीत औषधाला हरवण्याची युक्ती असेल, तर ती एका जातीकडून दुसऱ्या जातीकडेही जाते. विनाकारण अँटिबायोटिक घेतलं की साधे जीवाणू मरतात, युक्ती असलेले उरतात आणि तेच वाढतात. ‘त्याच गोळ्या आता लागू पडत नाहीत’ याचं हे एक मोठं कारण.

टीबीला सहा महिने का

टीबीच्या जीवाणूची ओळख रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडली. हा जीवाणू इतरांपेक्षा वेगळा. त्याच्या भिंतीत मेणासारख्या पदार्थाचा जाड थर असतो, त्यातून औषध सहज आत जात नाही. आयसोनियाझिड हे औषध हाच मेणाचा थर बनू देत नाही, तर इथॅम्ब्युटॉल भिंतीचा दुसरा भाग अडवतं. रिफॅम्पिसिन जीवाणूला डीएनएच्या वहीतली सूचना वाचूच देत नाही. या औषधाने लघवी केशरी रंगाची होते. त्याला घाबरू नका, ते रक्त नसतं.

दुसरी अडचण म्हणजे त्याचा वेग. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, टीबीचा जीवाणू सुमारे २० तास घेतो. बरीच औषधं वाढत्या जीवाणूवर चांगली चालतात. जो कोपऱ्यात सुस्त पडून आहे, तो सुटतो.

तिसरी अडचण आकाराची. आपली रक्षक पेशी टीबीचा जीवाणू गिळते, पण तो आत मरतोच असं नाही. भाकरीएवढ्या पेशीत काडेपेटीच्या काड्या जशा सहज मावतील, तसे ते जीवाणू आपल्याच पेशीत लपून राहतात. म्हणजे औषधाला आधी आपल्या पेशीत शिरायचं आणि मग जीवाणूची मेणाची भिंत ओलांडायची. त्यासाठी चार औषधं एकत्र लागतात, आणि महिने लागतात.

आता धोका कुठे आहे तो पाहा. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ताप जातो, खोकला कमी होतो, भूक लागते. कामावर परत जावंसं वाटतं. रोजंदारी बुडते, म्हणून दवाखान्याची फेरीही टाळली जाते. नेमक्या याच वेळी सुस्त जीवाणू जिवंत असतात. टीबीचा जीवाणू इतरांसारखी डीएनएची देवाणघेवाण करत नाही, पण त्याच्या स्वतःच्या डीएनएत अधूनमधून चुका होतात. एखादी चूक त्याला औषधापासून वाचवते. गोळ्या मध्येच सोडल्या किंवा अनियमित घेतल्या, की असे वाचलेले जीवाणू वाढतात. मग नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत, आणि पुढचे उपचार जास्त त्रासाचे होतात. तोच जीवाणू घरातल्या मुलांपर्यंतही जाऊ शकतो.

एक धीराची गोष्टही सांगायला हवी. १९५६मध्ये मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. गरीब, दाटीवाटीच्या घरांतल्या टीबी रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधं दिली आणि काहींना घरीच. १९५९मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी नियमित औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नव्हती. योग्य औषध नियमित सुरू झालं की रुग्णाकडून होणारा प्रसार लवकर घटतो. म्हणून टीबीच्या माणसाचं ताट-वाटी वेगळी करू नका, त्याला घराबाहेर काढू नका. टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर कापड धरायला सांगा, गोळ्यांची आठवण करा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचाराच्या काळात आहारासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४पूर्वी ही रक्कम ५०० होती. हा आपला हक्क आहे, तो मागून घ्या.

बुरशी : आपलीच दूरची नातलग

गजकर्णाच्या प्रश्नाकडे येऊ. गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो. बुरशीची पेशी दृश्यकेंद्रकी आहे. म्हणजे पेशीच्या बांधणीने बुरशी जीवाणूपेक्षा आपल्याला जवळची. तिच्यातही केंद्रक, तिच्यातही तंतुकणिका. तिला भिंत असते, पण ती जीवाणूच्या भिंतीसारखी नव्हे, दुसऱ्याच पदार्थाची. त्यामुळे अमॉक्सिसिलिन तिला काही करत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स करूनही खाज तशीच राहिली, याचं कारण एवढंच.

बुरशीविरुद्ध औषध शोधणं अवघड असतं, कारण घाव घालायला वेगळ्या जागा कमी. एक महत्त्वाचा फरक सापडला आहे. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, आपल्या पटलात त्याजागी कोलेस्टेरॉल. क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल, टर्बिनाफिन ही औषधं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. फरक बारीक असल्यामुळे पोटात घ्यायच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात, कारण काही जणांच्या यकृतावर ताण येऊ शकतो.

इथेच आपल्या वस्त्यांत सर्वांत मोठी चूक होते. मेडिकलवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात पडते. ती लावली की दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, आणि गुण आला असं वाटतं. पण लाली आणि खाज ही आपल्या शरीराची बुरशीशी चाललेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाई थांबवतं, बुरशी मात्र जिवंत राहते आणि पसरते. ट्यूब बंद केली की आधीपेक्षा मोठं गजकर्ण उठतं. कातडी पातळ होते, पांढरे पट्टे उमटतात. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते गजकर्णाला लावू नका.

उलट बाजूही पाहा. बऱ्याच बायकांना अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर अंगावरून पांढरं जातं आणि खाज सुटते. अँटिबायोटिकने तिथले उपयोगी जीवाणू मारले, पण तिथेच राहणारी बुरशी दृश्यकेंद्रकी, तिला काहीच झालं नाही. शेजारी गेले आणि तिला मोकळं रान मिळालं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दवाखान्यात स्पष्ट सांगा, यावर सोपे उपचार आहेत.

पावसाळ्यातला ताप : लक्षण एक, कारणं तीन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला तर तो हिवताप असू शकतो. त्याचा परजीवी दृश्यकेंद्रकी. नेहमीच्या अँटिबायोटिकने तो जात नाही, त्याची औषधं वेगळी. तोच ताप टायफॉइड किंवा लेप्टोचा असू शकतो. हे दोन्ही जीवाणूंचे आजार, तिथे योग्य अँटिबायोटिक जीव वाचवतं. आणि तोच ताप डेंग्यूचा असू शकतो.

डेंग्यू, फ्लू, साधी सर्दी यांचे विषाणू तर पेशीच नसतात. फ्लूचा विषाणू मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढा. आपल्या मोठ्या केलेल्या मापात राजगिऱ्याचा एक दाणा. त्याला स्वतःची भिंत नाही, रायबोसोम नाही. तो आपल्या पेशीत शिरून तिच्याच कारखान्यात स्वतःच्या प्रती काढतो. घाव घालायची जागाच नसल्यामुळे अँटिबायोटिक त्याला काही करू शकत नाही. सर्दीच्या गोळ्या घेतल्या आणि चार दिवसांत बरं वाटलं, तर ते श्रेय बहुधा शरीराचं असतं.

म्हणजे मागच्या वर्षीचा ताप आणि यंदाचा ताप दिसायला सारखे असले, तरी घडवणारे वेगळे. हे कपाळाला हात लावून कळत नाही, रक्त तपासूनच कळतं.

पाण्याचंही तसंच. क्लोरीनच्या गोळीने कॉलरासारखे जीवाणू मरतात, पण अमिबा आणि जिआर्डिया यांची कवचधारी रूपं क्लोरीनला बरीच दाद देत नाहीत. नळाचं पाणी गढूळ येत असेल तर ते गाळून उकळा, खळखळून उकळी येऊ द्या. उकळीपुढे जीवाणू, अमिबा आणि विषाणू सगळेच हरतात.

घरात लावून ठेवण्यासारखं

१. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. टीबी निघाला तर डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत एकही दिवस गोळी चुकवू नका.

२. ताप आला तर मागच्या वेळच्या गोळ्या घेऊ नका. पावसाळ्यात हिवताप आणि डेंग्यूसाठी रक्त तपासून घ्या. तोपर्यंत अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

३. हिवतापाच्या एका प्रकारात, म्हणजे व्हायव्हॅक्समध्ये, १४ दिवसांच्या गोळ्या असतात. ताप तिसऱ्या दिवशी गेला तरी त्या संपवा. परजीवी यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी परत येतो.

४. गजकर्णाला स्टेरॉइडची ट्यूब नको. अंग कोरडं ठेवा, टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा, उन्हात वाळवा. घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.

५. जुलाबात पहिलं औषध ओआरएस. शौचात रक्त पडत असेल, मूल सुस्त झालं असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

६. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या साठवू नका, शेजाऱ्याला देऊ नका. त्याचा आजार वेगळ्या पेशीचा असू शकतो.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला शिका : ‘डॉक्टर, हा आजार जीवाणूचा आहे, बुरशीचा आहे की विषाणूचा?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. औषध आपल्या पोटात जाणार आहे, पैसे आपल्या खिशातून जाणार आहेत. उत्तर ऐकून ते समजून घ्यायला शिक्षण कमी पडेल, असं वाटत असेल, तर सोबत नववीतल्या मुलीला घेऊन जा. तिच्या पुस्तकात हा धडा आहे. तिला विचारा, ती सांगेल. परीक्षेतल्या दोन गुणांपलीकडे तो धडा कशासाठी होता, हे तिलाही त्या दिवशी कळेल.